जुन्या संगणकाचा पडदा वाढवताना: डॉस, विंडोज ९८ आणि एक्सपीवर ५० ओळी व १३२ रकाने

अमळनेरजवळच्या एका जिनिंगमध्ये (कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यात) मुनीमजींनी मला वजनकाट्याचा पडदा दाखवला आणि म्हणाले, "आर्धंच दिखस, भाऊ." गाडी नंबर, शेतकऱ्याचं नाव, गाव, भरलं वजन, रिकामं वजन, निव्वळ क्विंटल, भाव, हमाली, तोलाई, देय रक्कम. एवढं सगळं ८० अक्षरांच्या ओळीत मावत नाही. म्हणून आधीच्या माणसाने प्रोग्राममध्ये ५० ओळी आणि १३२ रकाने मागितले होते, म्हणजे रुंद कागदावरची छपाई जशी येते तसाच पडदाही दिसावा. काट्यावरच्या डॉसच्या यंत्रावर ते बरोबर दिसत होतं. ऑफिसातल्या विंडोज ९८ वर निम्म्या ओळी गायब होत्या, आणि एक्सपीवर अक्षरांचा नुसता चिखल.

तिन्ही यंत्रं धड होती. प्रोग्राम पडदा बदलायला सांगत होता, पण प्रत्यक्षात काय मिळालं ते कुठेच विचारत नव्हता. हाच घोटाळा मी पुन्हा पुन्हा पाहतो, म्हणून पूर्ण रीत क्रमाने लिहितो. हा क्रम मोडू नका: विचारा, बदला, पुन्हा विचारा, मग लिहा, आणि निघताना पडदा होता तसा परत करा.

आकड्यांबद्दल एक खुलासा. सोळाच्या पायातल्या आकड्याआधी "हेक्स" लिहिलं आहे. त्यातली ए ते एफ ही अक्षरं आणि सगळ्या आज्ञा इथे देवनागरीत आहेत. यंत्रावर त्या अर्थात रोमनमध्येच टाइप करायच्या.

## १. हात लावण्याआधी

आधी गरज ठरवा. ओळी कमी पडतात की रकाने? ही दोन वेगळी कामं आहेत. ५० ओळी मिळवणं सोपं आहे आणि व्हीजीए प्रकारचं डिस्प्ले कार्ड (पडद्यावर चित्र पाठवणारं कार्ड) असलेल्या जवळजवळ प्रत्येक यंत्रावर जमतं. १३२ रकाने त्या कार्डावर अवलंबून असतात आणि विंडोजच्या आवृत्तीगणिक अडखळतात. नुसत्या ओळींनी भागत असेल तर १३२ च्या वाटेला जाऊ नका.

हंगामही बघा. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या लागल्या की काट्याचं यंत्र क्षणभरही मोकळं नसतं. हे काम पावसाळ्यात करा. मे महिन्यात तर नकोच. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास असतो, आणि बंद खोलीतलं जुनं यंत्र अशा उन्हात तासन्‌तास चालू-बंद करत राहिलं तर त्याच्या पॉवर सप्लायचा जीव जातो.

मग पूर्ण प्रोग्राम आणि डेटाची नक्कल दोन वेगळ्या ठिकाणी घ्या. ज्या यंत्रांवर प्रोग्राम चालणार त्यांची यादी कागदावर करा: डिस्प्ले कार्ड कोणतं, मॉनिटर जुना काचेचा की सपाट, सिस्टीमची आवृत्ती कोणती, प्रोग्राम पूर्ण पडद्यावर चालतो की खिडकीत. शेवटची नोंद लोक हमखास गाळतात, आणि निम्म्या तक्रारींचं मूळ तिथेच असतं.

तपासा: प्रत्येक यंत्रावर "एडिट" हा डॉसचा संपादक "/एच" जोडून चालवा. तो कार्डाला जमतील तेवढ्या जास्तीत जास्त ओळींत उघडतो. ५० ओळी दिसल्या तर यंत्र, कार्ड आणि सिस्टीम या कामापुरती ठीक आहेत. दोष असेल तो तुमच्या प्रोग्राममध्ये. इथेच २५ राहिल्या तर प्रोग्राममध्ये शोधाशोध करण्यात अर्थ नाही.

सावध: जिस्ट कार्ड (पडद्यावर भारतीय लिप्या दाखवणारं वेगळं कार्ड) बसवलेल्या यंत्रावर ही रीत वापरू नका. तिथे पडद्यावरची देवनागरी कार्ड स्वतः काढतं. शिवाय ५० ओळींत प्रत्येक अक्षराला उंची मिळते फक्त ८ ठिपके. शिरोरेघ, वर वेलांटी, खाली उकार एवढं सगळं त्यात बसत नाही. मराठी मजकूर पडद्यावर हवा असेल तर २५ ओळीच ठेवा.

## २. यंत्राला आधी विचारा

मोड, म्हणजे पडद्याची ओळी-रकान्यांची मांडणी, बदलण्याआधी चार गोष्टी विचारून घ्या आणि जपून ठेवा, कारण परत जाताना याच लागणार आहेत.

कार्ड कोणतं: बायोसच्या (यंत्राच्या चिपमधल्या मूळ प्रोग्रामच्या) इंटरप्ट हेक्स १० ला, म्हणजे पडद्याच्या सेवेला, एएक्समध्ये हेक्स १ए०० देऊन हाक मारा. एएक्स, एएल, बीएल ही प्रोसेसरच्या रजिस्टरांची, म्हणजे आतल्या छोट्या कप्प्यांची, नावं. परत येताना एएलमध्ये हेक्स १ए आलं तरच उत्तर खरं. मग बीएलमध्ये ८ म्हणजे रंगीत व्हीजीए, ७ म्हणजे एकरंगी व्हीजीए. एएलमध्ये १ए नसेल तर कार्ड व्हीजीएच्या आधीचं आहे. ईजीए असेल तर ४३ ओळींपर्यंत जाता येईल, सीजीए असेल तर २५ वरच थांबा.

चालू मोड: एएचमध्ये हेक्स ०एफ. एएलमध्ये मोड येतो, एएचमध्ये रकाने.

चालू ओळी: बायोसच्या नोंदवहीत, म्हणजे सेगमेंट हेक्स ४०, ऑफसेट हेक्स ८४ या बाइटमध्ये (सेगमेंट म्हणजे मेमरीचा भाग, ऑफसेट म्हणजे त्यातली जागा). तिथे ओळींपेक्षा एक कमी आकडा असतो: २५ ओळी असतील तर २४, ५० असतील तर ४९. जुन्या सीजीए यंत्रांवर ही जागा भरलेली नसते. तिथे शून्य दिसलं तर २५ समजा.

अक्षराची उंची: त्याच सेगमेंटमध्ये ऑफसेट हेक्स ८५.

सावध: ओळींसाठी हेक्स ११३० हे फंक्शनही आहे, पण ते बीपी रजिस्टर बदलून टाकतं. असेम्ब्लीचे तुकडे सी भाषेत घालणाऱ्यांचा प्रोग्राम इथे कोसळतो आणि कारण दिवसभर सापडत नाही. नोंदवहीतून वाचणं जास्त बिनधोक.

## ३. पन्नास ओळी

तुमची भाषा हे काम करून देत असेल तर बायोसपर्यंत जायची गरज नाही. हिशेबाचे बरेचसे जुने प्रोग्राम फॉक्सप्रो किंवा क्लिपरमध्ये आहेत, म्हणून त्यांच्यापासून सुरुवात करतो.

फॉक्सप्रोच्या डॉस आवृत्तीत "सेट डिस्प्ले टू व्हीजीए५०" लिहा. परत जायला "व्हीजीए२५". मिळालेल्या ओळी "एसरोज" या फंक्शनने कळतात. क्लिपर ५ मध्ये "सेटमोड" ला ५० आणि ८० द्या. ते खरं-खोटं उत्तर परत देतं. ते उत्तर वाचल्याशिवाय पुढची ओळ लिहू नका. क्लिपरमध्ये शेवटची ओळ "मॅक्सरो" सांगतं, पण मोजणी शून्यापासून: २५ ओळींना २४. फॉक्सप्रोचं "एसरोज" मात्र पूर्ण २५ सांगतं. एका भाषेतून दुसरीत प्रोग्राम नेताना या एकाच्या फरकाने तळाची बेरजेची ओळ गायब होते.

टर्बो पास्कलमध्ये सीआरटी युनिट घेऊन "टेक्स्टमोड" ला सीओ८० अधिक फॉन्ट८x८ द्या. टर्बो सीमध्ये "टेक्स्टमोड" ला सी४३५० द्या. ईजीएवर ४३ आणि व्हीजीएवर ५० ओळी मिळतात. मिळालं काय ते "गेटटेक्स्टइन्फो" ने वाचा.

बायोसकडून थेट करायचं असेल तर क्रम असा:

(अ) एएक्स हेक्स १२०२, बीएल हेक्स ३०. यात पडद्याच्या ४०० आडव्या रेघा मागितल्या जातात. एएलमध्ये हेक्स १२ परत आलं तर मान्य.

(आ) एएक्स हेक्स ०००३. मोड नव्याने लागतो आणि पडदा पुसला जातो.

(इ) एएक्स हेक्स १११२, बीएल शून्य. कार्डातली ८ ठिपके उंचीची अक्षरं चढतात. ४०० भागिले ८, म्हणून ५० ओळी.

(ई) एएच १, सीएक्स हेक्स ०६०७. कर्सर नव्या उंचीत बसतो.

सर्वात जास्त चुका (अ) गाळल्याने होतात. रेघांची मागणी लगेच लागू होत नाही, पुढचा मोड लागतो तेव्हा लागू होते. त्यामुळे ती (आ) नंतर केली तर वायाच जाते. आणि आधीच्या एखाद्या प्रोग्रामने यंत्र ३५० रेघांवर सोडलं असेल तर तुम्हाला ५० ऐवजी ४३ ओळी मिळतात, कारण ३५० मध्ये ८ पूर्ण ४३ वेळाच बसतात. "काल ५० येत होत्या, आज ४३ येतात" या तक्रारीचं हेच कारण. (ई) गाळलं तर ईजीएवर कर्सर दिसेनासा होतो, कारण त्याच्या रेघा अक्षराच्या उंचीबाहेर पडतात.

माझं एक मत इथेच सांगतो. दिवसभर काट्यावर बसणाऱ्या पन्नाशीच्या माणसासाठी ५० ओळींची अक्षरं फार बारीक पडतात. (इ) मध्ये हेक्स १११२ ऐवजी हेक्स ११११ दिलं तर १४ ठिपके उंचीची अक्षरं येतात आणि २८ ओळी मिळतात. तीन ओळी म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण बेरीज, सूचना आणि तारीख तळाला हलवली की नोंदींसाठी जुना पडदा पूर्ण मोकळा होतो. मी बहुतेक ठिकाणी हाच पर्याय देतो आणि कोणी डोळ्यांची तक्रार करत नाही. मात्र टर्बो पास्कल किंवा टर्बो सीच्या तयार मोडमध्ये तो नाही. तिथे बायोसलाच हाक मारावी लागते, आणि त्यासोबत पुढचा इशारा लागू होतो.

सावध: भाषेच्या ग्रंथालयाला (तयार फंक्शनांच्या संग्रहाला) न सांगता बायोसकडून ओळी वाढवल्या तर टर्बो सी आणि टर्बो पास्कल अजून २५ ओळींच्याच हिशेबात राहतात. २६ वी ओळ मागणारी "गोटूएक्सवाय" आज्ञा मुकाट दुर्लक्षिली जाते आणि मजकूर भलत्याच ठिकाणी उमटतो. एक वाट धरा: सगळं ग्रंथालयातून, नाहीतर लिहिणंसुद्धा स्वतःच्या हाताने.

सावध: टर्बो पास्कलचा प्रोग्राम साधारण २०० मेगाहर्ट्‌झच्या पुढच्या यंत्रावर सुरू होताच "रनटाइम एरर २००" देऊन बंद पडला तर पडद्याच्या कामाला दोष देऊ नका. सीआरटी युनिट सुरुवातीला यंत्राचा वेग मोजतं, आणि वेगवान यंत्रावर तो भागाकार ओसंडतो. तुमची पहिली ओळ चालण्याआधीच हे घडतं. त्यावर सुधारलेलं सीआरटी युनिट वापरावं लागतं.

## ४. पुन्हा विचारा, मग लिहिण्याचं गणित बदला

मोड बदलल्यावर रकाने हेक्स ४० सेगमेंटच्या ऑफसेट ४ए मधून आणि ओळी ऑफसेट ८४ मधून पुन्हा वाचा. हे दोन आकडे प्रोग्रामभर वापरायच्या दोन चलांमध्ये ठेवा. त्यानंतर प्रोग्राममध्ये २४, २५, ७९, ८०, १६० आणि ४००० हे आकडे एकेक करून शोधा. कंटाळवाणं काम आहे, पण सगळं यश इथेच आहे.

रंगीत कार्डावर पडद्याची मेमरी सेगमेंट हेक्स बी८०० पासून सुरू होते. प्रत्येक अक्षराला दोन बाइट: एक अक्षर, एक रंग. जागा काढायचं सूत्र: ओळ गुणिले रकाने, अधिक रकाना, सगळ्याची दुप्पट. जुन्या प्रोग्रामांत "ओळ गुणिले १६०" असं ठोकून लिहिलेलं असतं. ८० रकान्यांवर ते चालतं, १३२ वर प्रत्येक ओळ तिरकी सरकते.

पडदा जपून ठेवायला घेतलेली जागाही वाढवा. ८० बाय २५ ला ४००० बाइट पुरतात, ८० बाय ५० ला ८००० लागतात, १३२ बाय ५० ला १३,२०० आणि १३२ बाय ६० ला १५,८४०. मदतीची खिडकी उघडून बंद केल्यावर यंत्र गोठत असेल तर आधी ही जागा तपासा.

आता एक चूक जी फार कमी जणांना ओळखू येते. जुने प्रोग्राम मेन्यूच्या मागचा पडदा कार्डाच्या दुसऱ्या पानावर ठेवतात आणि ते पान ४०९६ व्या बाइटपासून सुरू होतं असं गृहीत धरतात. २५ ओळींत ते खरं आहे. ५० ओळींत तीच जागा दिसत्या पडद्याच्या आत येते: २६ व्या ओळीचा ४९ वा रकाना. बरोबर तिथून मेन्यूचे तुकडे उमटू लागले तर दुसरं काही शोधू नका. पानाचा खरा आकार ऑफसेट हेक्स ४सी वर लिहिलेला असतो. तो वाचून वापरा.

मोजणीचा फरकही लिहून ठेवा. बायोस आणि पडद्याची मेमरी शून्यापासून मोजतात, "गोटूएक्सवाय" एकापासून.

तपासा: चारही कोपऱ्यांत एकेक फुली आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला तिचा क्रमांक काढणारा दहा ओळींचा छोटा प्रोग्राम करा. चारही फुल्या दिसल्या, शेवटचा क्रमांक बरोबर आला आणि पडदा वर सरकला नाही, तरच पुढे जा. खालच्या उजव्या कोपऱ्यात नेहमीच्या छपाईच्या आज्ञेने अक्षर लिहिलं की पडदा एक ओळ वर जातो. त्या एका जागी थेट मेमरीत लिहा.

## ५. १३२ रकाने

इथे व्हेसाच्या (डिस्प्ले कार्डांच्या सामाईक मानकाच्या) फंक्शनांची मदत घ्यावी लागते. मजकुराचे मोड पाच आहेत: हेक्स १०८ म्हणजे ८० बाय ६०, १०९ म्हणजे १३२ बाय २५, १०ए म्हणजे १३२ बाय ४३, १०बी म्हणजे १३२ बाय ५०, १०सी म्हणजे १३२ बाय ६०. पाचही प्रत्येक कार्डात असतात असं नाही.

पायऱ्या:

(अ) एएक्स हेक्स ४एफ००, ईएस आणि डीआयमध्ये तुमच्या बफरचा (उत्तर भरून घ्यायला राखलेल्या मेमरीचा) पत्ता. बफर ५१२ बाइटचाच ठेवा. जुन्या व्हेसाला २५६ पुरतात, पण आवृत्ती २ ची माहिती मागितली तर कार्ड ५१२ भरतं आणि लहान बफरच्या पुढची मेमरी पुसली जाते.

(आ) उत्तर तपासा: एएलमध्ये हेक्स ४एफ आणि एएचमध्ये शून्य. दोन्ही. एएल फक्त "हे फंक्शन मला माहीत आहे" एवढंच सांगतं. काम झालं की नाही ते एएच सांगतं. बहुतेकजण एएल पाहूनच पुढे जातात.

(इ) एएक्स हेक्स ४एफ०१, सीएक्समध्ये हवा तो मोड. आलेल्या माहितीच्या पहिल्या शब्दातला शून्यावा बिट १ असेल तरच मोड उपलब्ध. चौथा बिट शून्य असेल तर तो मजकुराचा मोड. ऑफसेट ८ वर मेमरीचा सेगमेंट, हेक्स १० वर एका ओळीचे बाइट, हेक्स १२ वर रकाने आणि हेक्स १४ वर ओळी. व्हेसाच्या पहिल्या आवृत्त्यांत शेवटचे दोन आकडे पहिल्या बिटवर अवलंबून असतात. तो शून्य असेल तर ते वाचू नका.

(ई) चालू मोड हेक्स ४एफ०३ ने जपून ठेवा. हेक्स ०एफ इथे पुरत नाही, कारण व्हेसाचा क्रमांक त्याच्या एका बाइटमध्ये मावत नाही.

(उ) एएक्स हेक्स ४एफ०२, बीएक्समध्ये मोड. पुन्हा एएल आणि एएच दोन्ही पाहा.

ओळीचे बाइट २६४ असतील असं धरून चालू नका, (इ) मध्ये मिळालेला आकडाच घ्या. नोंदवहीतले ओळी-रकाने आणि व्हेसाची माहिती जुळली नाही तर व्हेसावर विश्वास ठेवा.

सावध: ८० बाय ५० मध्ये मॉनिटरला काहीच नवीन करावं लागत नाही. तोच नेहमीचा ७२० बाय ४०० चा पडदा, फक्त अक्षरं बुटकी. १३२ मध्ये आडवे ठिपके वाढून १०५६ होतात. जुना काचेचा मॉनिटर बहुधा ते सहज दाखवतो, पण सपाट मॉनिटर पुष्कळदा त्याला ७२० चाच समजतो आणि अक्षरांच्या उभ्या रेघा गाळतो. १ आणि ७ सारखे दिसू लागले तर हिशेबाच्या कामाला तो पडदा उपयोगाचा नाही. क्विंटलच्या आकड्यात असली चूक शेतकऱ्याच्या खिशातून जाते. अशा यंत्रावर ८० रकानेच ठेवा आणि नोंद दोन ओळींत मांडा.

## ६. सिस्टीमच्या आवृत्तीप्रमाणे काय बदलतं

नुसता डॉस. प्रोग्रामबाहेरही ५० ओळी हव्या असतील तर कॉन्फिग फाइलमध्ये एएनएसआय.एसवायएस हा ड्रायव्हर चढवा आणि मग "मोड कॉन लाइन्स=५०" द्या. ही सोय डॉस ४ पासून आहे आणि ड्रायव्हर नसेल तर आज्ञा नकार देते. ड्रायव्हर आहे का ते प्रोग्राममधून विचारता येतं: इंटरप्ट हेक्स २एफ, एएक्स हेक्स १ए००; एएलमध्ये हेक्स एफएफ आलं तर आहे. तो नसताना प्रोग्रामने ओळी वाढवल्या तर "सीएलएस" अनेकदा वरच्या २५ ओळीच पुसतो. प्रोग्राममध्ये पडदा पुसायचं काम बाहेरच्या आज्ञेवर सोपवू नका.

विंडोज ९५ आणि ९८. प्रोग्रामच्या शॉर्टकटच्या गुणधर्मांत "स्क्रीन" पानावर सुरुवातीच्या ओळी निवडता येतात: २५, ४३ किंवा ५०. ती फक्त सुरुवात असते, प्रोग्राम नंतर बदल करू शकतो. खिडकीत अक्षरं अचानक बारीक झाली तर फॉन्ट "ऑटो" वर आहे. तिथे ठरावीक माप निवडा. १३२ रकाने खिडकीत मागू नका. गुणधर्मांत पूर्ण पडदा निवडून ठेवा आणि मगच प्रोग्राम चालवा. तरीही बिघडलं तर "रीस्टार्ट इन एमएस-डॉस मोड" मध्ये करून पाहा. तिथे नीट चाललं तर अडचण विंडोजची, तिथेही नाही चाललं तर तुमची किंवा कार्डाची. विंडोज एमईमध्ये हा मार्गच काढून टाकला आहे.

विंडोज २००० आणि एक्सपी, डॉसचा प्रोग्राम. खिडकीत विंडोज स्वतः डॉसची नक्कल करतं. ८० बाय ५० तिथे चालतं. १३२ साठी आल्ट-एंटर दाबून पूर्ण पडद्यावर जावं लागतं, आणि तिथेही मिळेलच असं नाही. म्हणून ४एफ०१ चं उत्तर आल्याशिवाय ४एफ०२ देऊ नका. जिनिंगच्या एक्सपी यंत्रावरचा चिखल याच चुकीने झाला होता: मोड मिळाला नव्हता, पडदा ८० रकान्यांचाच होता आणि प्रोग्राम १३२ च्या हिशेबाने लिहीत होता.

एक्सपीचा स्वतःचा कन्सोल (नुसत्या अक्षरांच्या खिडकीत चालणारा) प्रोग्राम. तुमच्या हाती मूळ सोर्स असेल आणि तो ३२ बिटसाठी पुन्हा बांधता येत असेल तर बायोस विसरा. इथे दोन वेगळ्या वस्तू आहेत: बफर आणि त्यावरची खिडकी. खिडकी बफरपेक्षा कधीच मोठी असू शकत नाही. त्यामुळे वाढवताना आधी बफर, मग खिडकी. लहान करताना आधी खिडकी, मग बफर. उलट केलं की फंक्शन अपयश कळवतं, आणि ते न वाचणाऱ्याला वाटतं विंडोज ऐकत नाही. बफरसाठी "सेट कन्सोल स्क्रीन बफर साइज", खिडकीसाठी "सेट कन्सोल विंडो इन्फो".

बफरला १३२ आणि ५० द्यायचे, खिडकीला मात्र उजवी कड १३१ आणि तळ ४९, कारण ती शून्यापासून मोजलेली टोकं आहेत. आधी "गेट लार्जेस्ट कन्सोल विंडो साइज" ला विचारा. १०२४ बाय ७६८ च्या मॉनिटरवर ८ ठिपके रुंदीच्या अक्षरांनी १३२ रकाने बसत नाहीत, १०५६ होतात. ७ बाय १२ चा रास्टर फॉन्ट निवडला की ९२४ मध्ये काम होतं. हाच प्रोग्राम ९८ वरही चालवायचा असेल तर तिथे ८० बाय ५० एवढ्यावरच थांबा.

व्हिस्टा आणि पुढे. नव्या पद्धतीच्या डिस्प्ले ड्रायव्हरसोबत डॉसचा पूर्ण पडदा मिळत नाही, आणि ६४ बिट विंडोजवर १६ बिटचे प्रोग्राम सुरूच होत नाहीत. तिथे डॉसबॉक्स (डॉसच्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम) घ्या. त्याच्या सेटिंगमध्ये यंत्राचा प्रकार एसव्हीजीए_एस३ ठेवा आणि ४एफ०१ ने मोड विचारा, बाकी रीत तीच. फक्त साध्या डॉसबॉक्समध्ये प्रिंटरची सोय नाही. रुंद कागदावर पट्टी काढणं हे रोजचं काम असेल तर मालकाला हे आधी सांगा.

## ७. निघताना पडदा परत करा

जपून ठेवलेल्या माहितीवरून मोड लावा. आधीच्या ओळी २५ पेक्षा जास्त होत्या तर नुसता मोड पुरत नाही, तेवढ्या उंचीची अक्षरंही पुन्हा चढवा. टर्बो पास्कलमध्ये सुरुवातीला "लास्टमोड" एका चलात ठेवा आणि शेवटी "टेक्स्टमोड" ला तोच द्या.

बाहेर पडायच्या वाटा मोजा. नेहमीचा शेवट, चुकीच्या संदेशाने होणारा शेवट, कंट्रोल-ब्रेक, आणि फ्लॉपी नसताना डॉस विचारतो त्या प्रश्नाला "अबॉर्ट" उत्तर दिल्यावर होणारा शेवट. चारही वाटांवर पडदा परत व्हायला हवा.

पाचवी जागा लोक विसरतात: प्रोग्राम मध्येच बाहेरची आज्ञा चालवतो, बहुधा बॅकअपसाठी. ती आज्ञा पडदा २५ ओळींवर आणून सोडू शकते आणि तुमचा प्रोग्राम अजून ५० समजत असतो. परत आल्यावर पायरी ४ मधली विचारणा पुन्हा करा, गरज पडली तर मोड पुन्हा लावा आणि पूर्ण पडदा नव्याने काढा.

तपासा: प्रत्येक यंत्रावर या पाचही जागा मुद्दाम करून पाहा. मग प्रोग्राम दोनदा लागोपाठ चालवा. पहिल्यांदा बरोबर आणि दुसऱ्यांदा चूक, असं झालं तर परत करण्यात काहीतरी राहिलं आहे.

शेवटी त्या यंत्रावर कोणता मोड चालला, किती ओळी, किती रकाने, पूर्ण पडदा की खिडकी, हे जाड अक्षरात लिहून कागद कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा. बाहेर लावलेला कागद काट्याजवळच्या धुळीत आणि कापसाच्या तंतूंत एका हंगामात वाचेनासा होतो.